कांदेनवमी ते उद्यापन

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. भजी, थालीपीठ, पीठ पेरून केलेली भाजी, जमेल त्या रूपात त्या दिवशी कांदा खाऊन घ्यायचा. कारण दोन दिवसांनी आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कांदा, लसूण आणि वांगं थेट कार्तिकीपर्यंत बंद. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा शिवाजी पार्काच्या आसपासच्या घरांत आता चारही महिने कोणी पाळत नाही. श्रावण पाळला तरी पुष्कळ, आणि तोही बहुधा सासूबाईंपुरता. पण नेम सगळ्यांना ठाऊक असतो.

२०२५ साली मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एंडोमेट्रिऑसिस असलेल्या आणि पोटाच्या तक्रारींनी हैराण झालेल्या ३५ स्त्रियांना २८ दिवस कांदा, लसूण, गहू, बरीचशी कडधान्यं आणि दूध वगळलेलं जेवण तयार करून दिलं. तेवढेच दिवस, मध्ये खंड ठेवून, साधं सकस जेवणही दिलं. कोणतं आधी आणि कोणतं नंतर, हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं. कांदा-लसूण वगळलेल्या जेवणावर ६० टक्के जणींच्या पोटाला आराम पडला, साध्या जेवणावर २६ टक्के जणींच्या. त्या संशोधकांनी कांदेनवमीचं नाव ऐकलं असण्याची शक्यता फार कमी.

‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं कोणी म्हणायच्या आत सांगून टाकते: चातुर्मासात कांदा सोडतात तो तामसी म्हणून. गव्हाची पोळी, हरभऱ्याच्या डाळीचं पुरण आणि दुधाची खीर त्याच पानात प्रेमाने वाढतात, आणि मोनाशच्या यादीत ही तिन्ही कांद्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली आहेत. व्रताकडून घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. व्रताला मुदत असते, शेवटी उद्यापन असतं. एंडोमेट्रिऑसिसच्या पथ्यांत नेमकं तेच हरवतं. एकदा सोडलेला पदार्थ पुन्हा पानात येत नाही, आणि तो सोडून फरक पडला होता का, हेही कोणी विचारत नाही.

आता मूळ दुखण्याकडे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात: बीजकोषावर, गर्भाशयाच्या मागच्या खोबणीत, आतड्यावर, कधी मूत्राशयावर. इस्ट्रोजेन त्यांना पोसतं. दर महिन्याला त्या सुजतात, भोवताली दाह होतो, कालांतराने अवयव एकमेकांना चिकटू लागतात. बीजकोषात साचलेलं जुनं रक्त दाट तपकिरी होतं. जॉन सॅम्प्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२१ साली त्याला चॉकलेटची उपमा दिली आणि ती आजही सोनोग्राफीच्या रिपोर्टावर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणून उमटते. रिपोर्ट हातात पडल्यावर मुलीचं चॉकलेट बंद करणाऱ्या आया असतात, म्हणून स्पष्ट लिहिते: संबंध रंगापुरताच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या दर दहा स्त्रियांमागे एकीला हे दुखणं असतं, जगभरात सुमारे १९ कोटी. दादरला संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात दांडीला लोंबकळणाऱ्या बायका मोजल्या तर दर दहांत एक. तरीही निदानाला वर्षानुवर्षं लागतात. ‘पाळीत सगळ्यांनाच दुखतं’, ‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल होऊ दे’ या तीन वाक्यांत विशी-पंचविशी निघून जाते. त्यात आपल्याकडे ओटीपोटाचा क्षयही अशीच लक्षणं दाखवतो, म्हणजे डॉक्टरांपुढेही कोडं असतं.

दादरहून एक स्टेशन पुढे परळ. तिथे १९२६ पासूनची दोन रुग्णालयं आहेत, केईएम आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, आणि जवळच प्रजनन व बालआरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची राष्ट्रीय संस्था. संततिनियमनाची साधनं तपासण्यापासून या संस्थेचं काम सुरू झालं. अलीकडे तिने देशभरातल्या रुग्णालयांना सोबत घेऊन भारतीय स्त्रियांच्या एंडोमेट्रिऑसिसची लक्षणं आणि त्यामागची जनुकं यांचा अभ्यास हाती घेतला. त्याची गरज होतीच, कारण या दुखण्याची पाठ्यपुस्तकं मुख्यतः गोऱ्या बायकांच्या शरीरांवरून लिहिली गेली आहेत. आहाराच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. तिथल्या अभ्यासांतला ‘ब्रेड’ म्हणजे आपली ज्वारीची भाकरी नव्हे आणि तिथला ‘मासा’ म्हणजे आगर बाजारातला बांगडा नव्हे. पुढचं सगळं वाचताना हे भाषांतर मनातल्या मनात करत राहावं लागतं.

दुखणं गर्भाशयाच्या आसपास, मग आतड्याचा संबंध काय? शेजाराचा. ओटीपोटात जागा थोडी आणि भाडेकरू फार; दादरच्या जुन्या चाळीसारखंच. पाळीच्या दिवसांत तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही रसायनं गर्भाशयाला कळा आणतात, तशी शेजारच्या आतड्यालाही ढोसतात. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी अनेकींना पातळ होतं. त्याआधीचा आठवडा उलटा: प्रोजेस्टेरॉनमुळे आतडं मंदावतं, पोट साफ होत नाही, गुबारा धरतो. वर्षानुवर्षं असं चाललं की त्या भागातल्या नसा हळव्या होतात. दुसरीच्या पोटात जो वायू नुसता गुडगुडून जातो, तो हिला कळ म्हणून जाणवतो. सकाळी नीट बसलेली सलवार संध्याकाळी ऑफिसात नाडी सैल करून बांधावी लागते. कित्येकींवर आधी काही वर्षं ‘ॲसिडिटी’ आणि ‘गॅस’चे उपचार होतात ते यामुळेच.

मोनाशचा आहार काम करतो तो या शेजाऱ्यावर. त्यातून वगळतात ते फॉडमॅप; हे नाव तिथल्याच संशोधकांनी काही विशिष्ट शर्करांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनवलं. या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारून वायू सोडतात. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टान, हरभरा, राजमा, वाटाणा यांत आणखी एक, दुधात लॅक्टोज, आंब्यात आणि मधात जादा फ्रुक्टोज, फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल. यातलं काहीही विषारी नाही. निरोगी माणसाने तर हे खावंच, कारण आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं तेच अन्न.

या हिशेबाने दादरकडे पाहिलं की वाईट वाटतं. वडापाव जन्मला तो १९६६ च्या सुमारास याच स्टेशनाबाहेर, अशोक वैद्य यांच्या गाडीवर. आणि आहे काय त्यात? गव्हाचा पाव, हरभऱ्याच्या पिठाचं आवरण, बटाट्यात लसूण, वर लसणाची चटणी. हळव्या आतड्याला छळायचं म्हणून कोणी मुद्दाम बेत आखला असता तर याहून नेटका जमला नसता. मिसळीचंही तेच. उलट दादरच्याच ‘प्रकाश’ उपाहारगृहातला साबुदाणा वडा पाहा: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. तळलेला आहे, पोषण बेताचं आहे, पण फॉडमॅप कमी. ‘एकादशीला माझं पोट बरं असतं’ असं सांगणाऱ्या बाईला हसू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ करूनही पोट बरं राहत असेल, तर श्रेय पुण्याला देण्याआधी त्या दिवशी पानात काय नव्हतं ते बघावं.

घरच्या स्वयंपाकात मोनाशसारखा पथ्याचा महिना वाटतो तितका अवघड नाही. पोळीऐवजी ज्वारीची, तांदळाची किंवा बाजरीची भाकरी. मेतकुटात डाळी असतात आणि कित्येकदा गहूही, त्यामुळे मऊ भात तूप-मिठावर. दुधाऐवजी लॅक्टोज काढलेलं दूध. साजूक तुपाला मनाई नाही. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची गोष्ट. म्हणजे तेलात अख्ख्या लसणाच्या पाकळ्या परतायच्या, वास उतरला की पाकळ्या काढून टाकायच्या आणि त्या तेलाची फोडणी द्यायची. लसूण आला आणि नाहीही आला. पाकळ्या आमटीत शिजवून मग काढल्या तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे पाणी आहे. पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, खालचा पांढरा गड्डा नाही. कडधान्य रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यावं, मोड आणावेत. मोड आलेले मूग थोड्या प्रमाणात बहुतेकींना सोसतात. आपल्या आज्या वालांना मोड आणून, सोलून, मग बिरडं करत, त्यात नुसता सोस नव्हता. कांद्याच्या जागी हिंग असतोच. फक्त डबीवरची घटकांची यादी वाचली तर त्यात गव्हाचं पीठ सापडेल. चिमटीएवढ्या हिंगाने फॉडमॅपचा हिशेब बिघडत नाही; ज्यांना सीलिॲक हा आजार आहे त्यांनी मात्र दुसरा ब्रँड शोधावा.

एवढं करायचं तर मे महिन्यात करू नये. हापूस घरात येत असताना आंबा बंद ठेवणारं पथ्य दादरमध्ये टिकणार नाही, आणि टिकवू जाणाऱ्या डॉक्टरांवरचा विश्वासही टिकणार नाही.

मोनाशच्या चाचणीने काय दाखवलं नाही, तेही पाहायला हवं. पोट फुगणं, दुखणं, शौचाच्या तक्रारी कमी झाल्या. बीजकोषावरची गाठ विरघळली नाही, चिकटलेले अवयव सुटले नाहीत. कुठल्याही आहाराने ते होत नाही. २०२२ साली युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने उपचारांची मार्गदर्शिका काढली, तिच्यात आहाराबाबत ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही असंच म्हटलं आहे. डायनोजेस्टसारखी हार्मोनची गोळी, वेदनाशामक, गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांच्या जागी भाकरी बसवता येत नाही. त्यांच्या जोडीला बसवता येते.

मग रोग होण्यातच आहाराचा हात असेल का? याचं उत्तर अमेरिकेतल्या नर्सेसच्या एका प्रचंड अभ्यासात शोधलं गेलं. २०१० साली त्यातल्या ७०,७०९ जणींची १२ वर्षांची माहिती प्रसिद्ध झाली. एकूण चरबी किती खाल्ली याने फरक पडला नव्हता, कोणती खाल्ली याने पडला होता. माशांतून मिळणारं ओमेगा-३ सर्वांत जास्त घेणाऱ्यांत निदानाचं प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा २२ टक्के कमी. ट्रान्स चरबी सर्वांत जास्त खाणाऱ्यांत ४८ टक्के जास्त. ट्रान्स चरबी म्हणजे आपल्याकडे वनस्पती तूप, आणि त्यात केलेली खारी, नानकटाई, स्वस्त बिस्किटं. भारतात २०२२ पासून तेला-तुपातली तिची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, पण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणाऱ्या कढईपुढे कायद्याचं फार चालत नाही.

त्याच नर्सेसमध्ये पुढे २०१८ साली तांबड्या मांसाचा हिशेब निघाला: दिवसाला दोनदाहून अधिक खाणाऱ्यांत निदान ५६ टक्के जास्त. हा आकडा वाचून रविवारचं मटण बंद करणारी मालवणी घरं असतील तर त्यांनी वाक्य पुन्हा वाचावं. तुलना आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांशी आहे, आणि रविवारचं मटण त्या खालच्याच गटात बसतं! बांगडा आणि तारली तर निश्चिंतपणे घ्यावी. त्यांत ओमेगा-३ भरपूर, आणि सुरमई-पापलेटच्या मानाने भावही बरा. शाकाहारी घरांत जवसाची चटणी हा पर्याय सांगतात. चटणी चांगलीच आहे, पण जवसातलं ओमेगा-३ निराळ्या जातीचं असतं आणि शरीर त्यातला थोडासाच भाग माशातल्यासारखा करून घेऊ शकतं.

या अभ्यासांतला एक निकाल सगळ्यांना बुचकळ्यात टाकणारा होता. रोज संत्र्या-मोसंब्यासारखी फळं खाणाऱ्यांत निदान कमी, हे समजण्यासारखं. पण रोज कोबी-फ्लॉवरच्या कुळातल्या भाज्या खाणाऱ्यांत ते १३ टक्के जास्त निघालं. भाजीने रोग होतो का? एक शक्यता अशी की भाजीने पोट जास्त दुखतं, म्हणून बाई डॉक्टरकडे लवकर जाते आणि निदान होतं. निरीक्षणाच्या अभ्यासांत कारण आणि सोबत यांची अशी गल्लत कायम टपून असते.

सोबतीची दुसरी गंमत पाळीच्या चक्रातच आहे. नवा उपाय माणूस कधी सुरू करतो? दुखणं अगदी टिपेला पोचल्यावर. पाळी चार दिवसांत ओसरते, कळा थांबतात, आणि त्याच दिवसांत घेतलेला ओव्याचा काढा, आळिवाची खीर किंवा हजार रुपयांचं हळदीचं कॅप्सूल श्रेय घेऊन जातं. अमेरिकेत किशोरवयीन आणि तरुण मुलींवर एक चाचणी झाली: काहींना ड जीवनसत्त्व, काहींना माशाचं तेल, काहींना नुसती रिकामी गोळी. ड जीवनसत्त्वाने वेदना कमी झाल्या. रिकाम्या गोळीनेही जवळजवळ तेवढ्याच झाल्या. एडिंबरोच्या संशोधकांनी २०२५ साली पन्नासहून अधिक देशांतल्या स्त्रियांच्या उत्तरांवरून पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यात ८४ टक्के जणींनी आहारात काही ना काही बदल करून पाहिला होता आणि त्यांतल्या ६७ टक्के जणींना आराम वाटला होता. हा आकडा मी खोटा म्हणणार नाही. पण त्यात ओसरलेल्या पाळ्या किती आणि आहार किती, हे वेगळं काढता येत नाही. इटलीत २०१२ साली ग्लुटेन सोडलेल्या २०७ स्त्रियांपैकी ७५ टक्के जणींना वर्षभराने बरं वाटलं, त्याचीही हीच अडचण. तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय गहू सोडला की ग्लुटेनबरोबर फ्रुक्टानही जातं. आराम कोणाच्या जाण्याने पडला?

हे नीट न पाहता पथ्यं वाढत गेली की जी किंमत मोजावी लागते ती मला जास्त काळजीची वाटते. आपल्या बायकांना पदार्थ सोडायला शिकवावं लागत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी, शिळं संपवायचा शुक्रवार, यांत त्या आधीच पारंगत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ च्या दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यात दर महिन्याला भरपूर रक्तस्राव होणाऱ्या बाईने डाळी, दूध, गहू आणि मटण एका झटक्यात सोडलं तर ती पोटाच्या कळेवरून चक्कर येण्यावर जाईल. काही हार्मोन उपचारांनी हाडंही विरळ होतात. दूध सोडायचंच तर नाचणी हवी, जिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पालेभाजीवर लिंबू पिळावं आणि जेवणावरचा चहा तासभर लांबवावा, एवढ्याने लोह अधिक शोषलं जातं. ज्या मुलीचं वजन मुळातच कमी आहे किंवा खाण्याशी जिचं आधीपासून वाकडं आहे, तिने हा महिना करूच नये. बाकीच्यांनीही आहारतज्ज्ञाला विचारून करावा; केईएमसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्या सल्ल्यासाठी खासगी दवाखान्यासारखे पैसे मोजावे लागत नाहीत.

तर हा महिना कसा करायचा? कालनिर्णयाच्या पानावर. निदान एक पूर्ण चक्र त्यात यायला हवं, म्हणजे वाईट दिवस आणि बरे दिवस दोन्ही मोजले जातील. मोनाशचे २८ दिवस त्या दृष्टीने सोयीचे. त्याआधीचा एक महिना काहीही न सोडता नुसत्या नोंदी: दुखणं दहापैकी किती, पोट फुगलं का, शौचाला कसं झालं, गोळी घेतली का. भिंतीवरच्या चौकोनात हे मावतं. दुधाचे हिशेब जिथे मावतात तिथे हेही मावेल, आणि सगळ्या घराने वाचू नये असं वाटलं तर खुणा आपल्या आपण ठरवाव्यात. मग पथ्याचा महिना, त्याच नोंदींसह. दोन पानं शेजारी ठेवून काहीच फरक दिसला नाही तर आहार सोडून द्यायचा आणि वडापाव खायला मोकळं व्हायचं. हाही निकालच असतो.

फरक दिसला तर उद्यापन. ते एकदम होत नाही, सोवळं सोडल्यासारखं पंगतीला बसायचं नसतं. एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा, तीन दिवस, रोज थोडा वाढवत; मग काही दिवस थांबायचं आणि पुढचा. बहुतेकींना कळतं की यादीतल्या सगळ्यांशी आपलं भांडण नव्हतंच. कोणाचं फक्त दुधाशी असतं, कोणाचं लसणाशी, आणि तेही ठरावीक मापाच्या पुढे. पहिल्या दिवशी भाजीत चमचाभर कांदा, दुसऱ्या दिवशी पाव वाटी, तिसऱ्या दिवशी अर्धा कांदा भाकरीबरोबर, बुक्कीने फोडून. चौथ्या दिवशी पोट शांत असेल तर कांदा टोपलीत परत. मग पाळी लसणाची. ती मात्र खरी पाळी संपल्यावर.